परत

मुंढव्याला नदीकाठी, जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये
भाची बिअर बनवते.
काल तिने माझ्यापुढे ग्लास ठेवला,
खाली निमुळता, रंग कोकम सरबताहून थोडा मळका,
वर गुलाबी फेस, बघता बघता बसणारा.
"मामा, तुझं नाक उसनं दे जरा."

माझं नाक एकतीस वर्षं दूध संघाच्या धक्क्यावर होतं.
पहाटे चारला कॅनचं झाकण उघडायचं,
झाकणाची आतली बाजू हुंगायची
आणि ठरवायचं.
शंका आली तर परीक्षानळी:
पाच मिली दूध, पाच मिली अल्कोहोल,
अंगठा लावून एकदा उलटी.
काचेला कण चिकटले की खडूने कॅनवर लिहायचं: परत.
दारूशी माझा संबंध इतकाच.
ती मी रोज दुधाला पाजली
आणि त्याची शुद्ध राहते का ते पाहिलं.

शाल्मली सांगत होती, भराभर, लहानपणी बोलायची तशी:
द्राक्षं वाइनची, काळी, जाड सालीची,
खायला कुणी घेणार नाही, नुसत्या बिया;
सालीसकट चेचून टाकली सातूच्या काढ्यात,
लाकडी पिंपात, अकरा महिने.
आणि आंबवलं कुणी? मी विचारलं.
ती हसली.
"तुझेच ते. दुधातले."

माझेच ते.
ज्यांच्यामागे मी हात धुऊन लागलो होतो,
वाफेने, सोड्याने, तारेच्या ब्रशाने,
उन्हाळ्यात सात वाजायच्या आत जे टँकरच्या टँकर नासवायचे,
ते इथे गारव्याला निवांत राहतात, भाडं न देता,
आणि लोक साडेचारशे रुपये मोजून त्यांची करणी पितात.

घेतला घोट.

आधी दात आंबले.
मग कानाखाली, जबड्याच्या बिजागरीत
कच्चं करवंद फोडल्यावर येते ती कळ.
उजवा हात आपोआप उठला.
खडू नव्हता, तरी उठला.
शाल्मलीने पाहिलं. बोलली काही नाही.

आपल्याकडे काय काय आंबतं.
पीठ आंबतं, ताक आंबतं,
दोन पाळ्या उभं राहिलं की अंग आंबतं.
आणि कोल्ह्याची द्राक्षं तर मी धक्क्यावर रोज ऐकली:
"साहेबांना काही मिळालं नाही ना, मग दूध आंबटच!"

पेरण्याच्या हौसाबाई वाळक्यांनी टोमणा मारला नाही.
मे महिना. टेम्पो पंक्चर, दोन तास उन्हात.
त्यांच्या कॅनवर मी परत लिहिलं.
त्यांनी झाकणात दूध ओतून घेतलं,
माझ्याकडे बघत प्यायल्या, सावकाश,
तोंड वाकडं न करता,
पदराने झाकण पुसलं.
"आंबट आहे," म्हणाल्या. "वाईट नाही."
मग स्वतःच्या हाताने कॅन मोरीत उपडा केला.
रजिस्टरात मी त्यांचं पहिलं वाक्य लिहिलं.
दुसऱ्याला रकाना नव्हता.

दुसरा घोट.
आता आंबटाच्या मागे साल लागली, तुरट,
जिभेच्या कडेने ओल्या सुतळीसारखी,
तिच्यामागे लाकूड,
आणि लाकडाच्याही मागे काहीतरी गोड,
म्हणजे गोड होतं तिथे, आता नाही,
दुपारी धुतल्यावरही झाकणात दुधाचं राहायचं
तेवढंच.

दार वाऱ्याने उघडलं, नदीचा वास आत आला,
जलपर्णीखाली काय काय कुजतंय त्याचा.
तो मात्र खडूशिवायही परत.

शाल्मली पेन घेऊन बसली होती.
"बोल ना. पास की नापास?"
अकरा महिने तिच्या चेहऱ्यावर दिसत होते.
नखांत अजून जांभळं होतं.
मी तळाशी राहिलेला घोट फिरवला, हुंगला,
मग तोही संपवला
आणि ग्लास तिच्याकडे सरकवला.

"परत," म्हणालो.

ती थबकली. माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं.
हात टेबलावरच होता.
मग ती ग्लास घेऊन पिंपाशी गेली.