एकशे सत्तावीस दाते

घोडपदेवला आमचा गाळा, आत वडिलांचा लेथ.
ग्रीस पुसलं की बेडवरची ओतीव अक्षरं दिसतात:
सार्तोरेल्ली, मिलान.
वडील 'सरतोरली' म्हणायचे,
रत्नागिरीकडच्या एखाद्या वाडीचं नाव घ्यावं तसं.

एक्कावन्न साली दारूखान्याच्या भंगारात
वजनावर घेतलेला, बैलगाडीतून आणलेला.
मशीन मिलिमीटरमधलं
आणि इथली सगळी गिऱ्हाइकं इंच न् सुतातली.
मग वडिलांनी एक चाक पाडून घेतलं,
एकशे सत्तावीस दात्यांचं.
ते मधे घातलं की मिलानचा स्क्रू
मुंबईचे आटे पाडतो.
तेव्हा चढवलं ते पुन्हा उतरवलंच नाही.

परवा केकोबाद मिस्त्री आले. रुमालात गंजका नट.
"मोटर हीच कंपनीची, बाई, नऊ सालची.
बोल्ट तुटून गेला. मिळेल कुठे?"
मग टेकले स्टुलावर आणि लागले सांगायला,
आधी ते लोक बग्ग्यांचे आस करायचे,
मग मोटारी, बारा वर्षांत दोनशे चौदा.
घाटातली एक शर्यत जिंकले,
तीही पुढच्याचं चाक निखळलं म्हणून.
मग लढाई, तोफांचे गाडे,
लढाई संपली, बिलं बुडाली, बँकेची जप्ती;
न खपलेली इंजिनं वितळवली
आणि त्याच बिडाचे लेथ ओतले.

मी लेथकडे बघितलं.
म्हणजे हा...
पण केकोबाद थापा मारतात,
अख्ख्या भायखळ्याला ठाऊक आहे.

नट मोजला. दीड मिलिमीटर.
कुठल्याच सुतात बसेना.
शिवराम म्हणाला, "ताई, चाक काढावं लागणार."
पाना लावला, हलेना. रात्रभर रॉकेल सोडलं.
सकाळी सुटलं, आणि मागून
वडिलांनी घातलेली पॅकिंग निघाली,
बिस्किटाच्या डब्याचा पत्रा,
त्यावर बाळाचा अर्धा चेहरा.

लेथ सुरू केला. आवाज पातळ, अनोळखी.
शिवराम म्हणाला, बेअरिंग गेलं वाटतं.
मी गप्प. लोखंडाची निळी साल
वळत वळत पायाशी पडत राहिली.

नट तिसऱ्या आट्याला अडला,
मग गेला शेवटपर्यंत.
केकोबादांनी पैसे दिले, चाळीस कमी.

संध्याकाळी चाक परत चढवलं,
अर्ध्या चेहऱ्याच्या पत्र्यासकट.
सोमवारी भाऊच्या धक्क्यावर सोळा शाफ्ट द्यायचेत,
सगळे इंचात.