वीस किलोंच्या आत

राऊच्या पुढे, पीथमपूरच्या वळणावर
छाजेड शेठचा धर्मकाटा. रात्रपाळी माझी.
एवढीशी खिडकी, एक पंखा,
आणि लाल आकड्यांची पेटी, रात्रभर
टक लावून बघणारी.
आई म्हणायची, वजनकाटा म्हण, सरळ शब्द आहे.
पण इंदूरला सगळे धर्मकाटाच म्हणतात,
आणि पाट्यावर चाक चढवायच्या आधी
वरच्या खिशातली शंभराची नोट चाचपतात.

हिशोब तोंडपाठ आहे.
पुढच्या धुऱ्याला सात टन,
मधल्या जोडीला एकवीस,
मागच्या तिघांना मिळून सत्तावीस.
बावीस चाकं, पंचावन्न टन.
तिथे कायद्यातला रस्ता संपतो.
डांबराचा पुढे चालूच राहतो,
मानपूर, मग घाट, मग खलघाटाचा पूल.

मागे एकदा मी पेटीकडे न बघता आकडा लिहिला होता.
ते आज नको.

वैशाखात, पहाटे पावणेतीनला
भेरूलाल डांगी कंटेनर घेऊन आला. जायचं न्हावाशेवाला.
आत काय आहे ते त्यालाही ठाऊक नाही.
कागदावर यंत्राचे सुटे भाग, दाराला कस्टमचं सील.
सील तुटलं की नोकरीही तुटते.
पेटीवर आलं ५५,१२०.

"एकशेवीस किलो," तो म्हणाला,
"म्हणजे एकटा माझा मेहुणा, पागेबाई."
मी म्हटलं, कायद्यात पाच टक्क्यांची मोकळीक आहे.
"कायद्यात आहे. पार्टीच्या गेटवर नाही.
तिथला पोरगा पावतीवर फक्त पंचावन्न शोधतो."
नोट खिडकीच्या कठड्यावर आली.
मी तिच्यावर पेपरवेट ठेवला नाही. पंख्याने ती उडाली,
त्याने उचलली, झटकून परत खिशात घातली.

मग तो गाडी उतरवायला लागला.
आधी टीकम, क्लीनर, अर्ध्या झोपेत.
मग वीस लिटरचा पाण्याचा कॅन.
५५,०६०.
मग स्टोव्ह, तवा, पिठाचा डबा,
जॅक, साखळ्या, गादी.
महाकालाचा फोटो काढला,
दोन्ही हातांत धरून जरा थांबला, परत लावला.
५५,०२०.
आता केबिनमध्ये काढण्यासारखं
काही उरलं नव्हतं.
म्हणून तो स्वतः खाली उतरला.

५४,९६०.

गाडी कायद्यात बसली.
फक्त चालवायला आत कुणी नव्हतं.

मी पावती छापली. खरी पावती,
माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टींपेक्षा खरी.
तिघंही हसलो, टीकम तर उगीचच.
मग त्याच माणसांनी तेच सामान
त्याच केबिनमध्ये परत भरलं
आणि मागचे लाल दिवे वळणाआड गेले.

पेटीवर आता शून्य यायला हवं होतं.
आलं २०.
बाहेर जाऊन बघितलं तर
पाट्याच्या कडेला पाण्याचा कॅन राहिलेला.
घाट उतरताना ड्रम तापले तर
त्यावर हेच पाणी ओततात.
माझ्याकडे गाडीचा नंबर होता. फोनचा नव्हता.

कॅन अजून इथेच आहे, खुर्चीमागे.
गाड्या नसल्या की मी तो पाट्यावर नेऊन ठेवते.
आमचा काटा विसाविसाने मोजतो.
दहाच्या खालचं त्याला दिसत नाही,
शेठ म्हणतात, मशीन चांगली आहे, कंपनीचा दोष नाही.
झाकण सैल आहे, पाणी हळूहळू आटतं.
सतरा झालं असेल, तेरा झालं असेल,
पेटी आपली वीसच सांगत राहिली.

ज्येष्ठाच्या शेवटी एका रात्री
आकडा लुकलुकला आणि शून्य झाला.
मी वाकून कॅन हलवला.
आत पाणी होतं.
निम्म्याला थोडं कमी.