कठड्याच्या या बाजूला

नंबर माझ्याकडेही आहे. नऊ हजार चारशे सतरा.
फ्रिजवर लावलाय, चुंबकाखाली,
दातांच्या डॉक्टरच्या तारखेशेजारी.
नडगीच्या हाडात चीर, केसाएवढी.
केसाएवढीच आहे, म्हणाल्या डॉक्टर व्हेरहूफ,
जणू केस म्हणजे काही नाहीच.
अख्खा हिवाळा पहाटे साडेपाचला
रोटे नदीच्या काठाने पळाले होते मी,
बदकं झोपलेली,
पवनचक्क्या अंधारात हात पसरून उभ्या.
तो सगळा हिवाळा आता त्या केसात अडकलाय.

म्हणून घडीची खुर्ची घेऊन आले,
क्रोस्वाइकच्या वळणावर,
जिथे चारेक किलोमीटर उरतात
आणि पळणाऱ्यांचे चेहरे
त्यांचे स्वतःचे राहत नाहीत.

शेजारी म्हातारे कोस,
पातेलं आणि लाकडी डाव घेऊन.
दर एप्रिलला याच खांबाशी. जागचे हलत नाहीत.
पलीकडे नइमा संत्री कापतेय,
तिची तिन्ही मुलं ताटं धरून, थंडीने नाक लाल.
वारा नदीवरून सरळ कानात.

पहिले पाचजण कसे गेले कळलंच नाही.
टाळीसाठी हात उचलले,
तेवढ्यात दोन तळव्यांमधून
ते निघून गेलेले.

मग बाकीचे. मग बाकीचेच बाकीचे.

खरं सांगते, पहिला तासभर
मी एकही टाळी वाजवली नाही.
मी चुका मोजत होते.
हिची टाच आधी पडते, हा खांद्यांनी पळतो,
त्या निळ्या टोपीवालीला तर
मी तळ्याकाठीच मागे टाकलं असतं.
खुर्चीत बसून मी निदान दोनशे जणांना हरवलं.

छातीवर नावं छापलेली असतात.
कोस ती मोठ्याने वाचतात, चष्मा घरी विसरून.
मार्लूसला मार्सेल म्हणाले,
तरी तिने हात हलवला.
इथवर आल्यावर माणूस
कुठल्याही नावाला ओ देतो.

आणि मग तो एकजण थांबला, नेमका माझ्यासमोर.
टेउनिस, असं होतं छातीवर.
पन्नाशीचा असेल, ओठ पांढरे.
कठड्याच्या खालच्या दांडीवर पाय ठेवला
आणि बोलला काहीच नाही, नुसती बोटं दाखवली.
नाडी सुटली होती.
बोटांना गाठ आठवत नव्हती.

मी चांगला गुडघा टेकला,
सळ्यांमधून हात घातले.
बूट ओला आणि गरम, भाकरीसारखा.
पोटरीत काहीतरी एकटंच उडत होतं.
तोल जाऊ नये म्हणून
त्याने तळहात माझ्या डोक्यावर ठेवला.
आशीर्वाद वगैरे नव्हे. वजन.
दुहेरी गाठ मारली,
माझ्या बुटाला मारते तशी,
उरलेली टोकं आत खोचून.

आठ सेकंद, फार तर दहा.
त्याने आभार मानले नाहीत.
आभार मानायला श्वास लागतो.

त्यानंतर मी ओरडले.
कुणाकुणासाठी ते विचारू नका.
निळ्या टोपीवाल्या आणखी चार गेल्या,
चौघींसाठीही.
कोसांनी डाव माझ्या हातात दिला
आणि ते सिगारेट वळत बसले.

दुपारी सफाईची गाडी आली, साली गोळा झाल्या,
ट्रामने दोनदा घंटी दिली
आणि रस्ता पुन्हा नुसता रस्ता झाला.
जिने एकेक पायरीने चढले.

त्याचा नंबर पाहिला नाही मी, आडनावही नाही.
पोचला असेल. नसेलही.
गाठ मात्र टिकली असणार,
माझ्या गाठी सुटत नाहीत.

रात्री केस विंचरताना
टाळूशी ते चिकट लागले, जरा खरबरीत.
वाळलेलं मीठ.
दुसऱ्याच्या बेचाळीस किलोमीटरांचं.

उद्या धुवेन म्हटलं.