एमएच ०८ क्यू

फेरीबोट जयगडच्या काठाला असली
की तवसाळच्या धक्क्यावरची वीस मिनिटं कुणाचीच नसतात.
तेवढ्यात आमचा खेळ.
रांगेतल्या पहिल्या गाडीची पाटी वाचायची,
आकडे सोडून द्यायचे,
उरलेली सगळी अक्षरं ज्याच्या पोटात असतील
असा लांबात लांब इंग्रजी शब्द काढायचा.
हरेल त्याचा चहा.

मी तिकीट-खिडकीत: बी.ए. इंग्लिश, तीन शाळांनी परत पाठवलेली.
फैयाजचाचा डिंगणकर रॅम्पच्या साखळीवर:
नववी नापास, बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर खलाशी.
त्यांची डिक्शनरी मोंबासाच्या बंदरात
एका फिलिपिनो आचाऱ्यानं सिगारेटच्या दोन पाकिटांना दिलेली.
अजून तिला डिझेलचा आणि तळलेल्या लसणीचा वास.
तिच्यात असेल तर शब्द, नसेल तर थाप.

एके. वऱ्हाडाची जीप, बॉनेटवर झेंडू.
चाचा श्वास न घेता: मॅचमेकर!
दहा अक्षरं,
आणि नवऱ्यामुलाला एक डोळा.

एझेड. आंब्याच्या रिकाम्या पेट्यांचा टेम्पो.
मी: मेकॅनायझेशन. तेरा.
मग मीच अडखळले, यातला एच तर ऐकूच येत नाही.
चाचा साखळी ओढता ओढता म्हणाले,
"गप बसून जाणाऱ्या पाशिंजराचा तिकीट काडतंस का नाय?"
काढते.
"मंग झाला तर."

आणि एकदा क्यू.
जुनी ओम्नी, मागच्या सीटवर शिवणयंत्र, पाटीला गंज.
एम, एच, क्यू.
माझं डोकं ओहोटीच्या खाजणासारखं, नुसता चिखल.
चाचांनी समुद्राकडे पाठ केली, बोटं मोडली, म्हणाले:
मॉस्किटोफिश.

मी म्हटलं, हे दोन शब्द.
मच्छर वेगळा, मासा वेगळा.
"आरोग्यवाल्यांनी वरच्या वाडीच्या हिरीत सोडलाय तो काय दोन तुकड्यांत सोडलाय?"
डिक्शनरी उघडली.
एमची नेमकी तीच पानं वाळवीनं खाल्लेली,
कडेला भोकांची नक्षी.
मी म्हटलं, बाद.
आपल्या लिपीत तर जेमतेम पाच अक्षरं.
"त्यांच्यात बारा," चाचा म्हणाले, "मोज."
मी मोजली नाहीत.
चार वर्षं तो चहा कुणीच पाजला नाही.
मोबाइलवर बघता आलं असतं.
ते खेळात बसत नव्हतं.

मागच्या भाद्रपदात त्यांची उजवी बाजू गेली,
आणि बोलणं.
डेरवणच्या दवाखान्यात सून सनोबर म्हणाली,
अब्बा पाणीसुद्धा मागत नाहीत, ग्लासाकडे बघतात फक्त.
एक मुलगी रोज येऊन कार्डं धरायची:
कप. कंगवा. केळं.
केळ्याकडे चाचा असे बघत
जसं कस्टमवाल्याकडे बघावं.

मी काय नेणार?
शहाळं नेलं, ते टेबलावर राहिलं.
मग पर्समधून तिकिटाचं कोरं अर्धुक काढलं,
मागे बॉलपेननं लिहिलं
एमएच ०८ क्यू,
आणि त्यांच्या डाव्या हाताजवळ ठेवलं.

बराच वेळ काही नाही.
शेजारच्या खाटेवर कुणीतरी रेडिओ लावला, बंद केला.
सनोबरनं चादर सारखी केली.
मग डावा पंजा उचलला गेला, उघडला:
पाच.
मला वाटलं, आपल्या लिपीत मोजतायत,
चला, तेवढं तरी उरलं.

पंजा मिटला.
पुन्हा उघडला. पाच.
मिटला.
आणि मग, रॅम्प खाली येताना येतो तसा,
हळू, थरथरत,
दोन बोटं.

सनोबर विचारत होती, काय मागतायत?
मी कागदावर मोजून पाहिलं, पहिल्यांदाच.
एम ओ एस क्यू, यू आय टी ओ, एफ आय एस एच.

मान्य, मी म्हटलं.
चाचा, मान्य.
आणि चहा सांगायला खाली गेले,
दोन सांगितले.