राळ्याचं कणीस

पोर्ट ऑगस्टाहून साडेपाचशे किलोमीटर
बुटांच्या खोक्यात आले दोघे,
एक हिरवा, एक पिवळी.
खोक्याला पेन्सिलीनं पाडलेली भोकं,
आणि खोकं मांडीवर घेऊन येल्का,
माझ्या मुलीची मुलगी. वय आठ.
बसमधून उतरली तेव्हा माझ्याकडे नाही,
खोक्याकडे पाहत होती.

कूबर पीडीत आम्ही जमिनीखाली राहतो.
वर उन्हाचा तवा, खाली गार दगड.
ओपल खणून उरलेल्या पोकळीत
मी चूल मांडली, न्हाणी केली,
चाळीस वर्षांत खिडकीची आठवण आली नाही.
पिंजरा कुठे टांगावा
हे शोधताना आली.

शेवटी झरोक्याखाली, जिथे अकरा वाजता
ताटाएवढं ऊन उतरतं, तिथे.
पाणी ठेवलं, समुद्रफेनाचा तुकडा अडकवला
आणि बाजूला झालो.
पहिले तीन दिवस काही करायचं नसतं.
हे कुणी शिकवलं नाही मला.
दगडात रंगाची रेघ दिसली
की कुदळ ठेवून जरा नुसतं बसायचं,
घाई करणाऱ्याच्या हाती चुराच लागतो.

येल्का जेवत होती, म्हणजे चिवडत होती.
आईबद्दल मी विचारलं नाही.
अ‍ॅडलेडच्या इस्पितळाचा नंबर फ्रिजवर लावला
तिच्या उंचीला.

चौथ्या दिवशी खुर्ची पिंजऱ्याजवळ ओढली
आणि मोठ्यानं पेपर वाचू लागलो.
पक्ष्यांना आवाजाची सवय हवी,
अर्थ कुठलाही चालतो:
फुटबॉलचे निकाल, जुन्या ड्रिलचा लिलाव,
कुणाचं कुत्रं हरवलं, वाऱ्याचा वेग.
माझं इंग्रजी खाणीत शिकलेलं,
त्यात अजून डाल्मेशियाचं मीठ.
दोघे दांडीच्या टोकाला एकमेकांत घुसलेले,
पिसं आवळून काड्यांसारखे.
दाराआड तिसरं कुणी.

नवव्या दिवशी दाराआडून आवाज आला:
"वेडनेसडे नाही. वेन्झडे."
मी मान वळवली नाही.
"वेन्झडे," म्हणालो, आणि पुढे वाचत राहिलो.
हिरव्यानं एक पाय पोटात घेतला,
डोळे मिटून चोच करकरवली.

"हात वरून नाही घालायचा, आजोबा,
ससाणा वरूनच येतो."
आता ती मला शिकवत होती.
तिचा हात खालून, पक्ष्याच्या छातीपाशी,
बोटांत राळ्याचं कणीस,
पाच मिनिटं, दहा, मनगट थरथरेपर्यंत.
हिरवा मान लांबवून एक दाणा घेऊन पळाला.
पुन्हा आला. तिसऱ्यांदा
एक पाय तिच्या बोटावर, दुसरा दांडीवर.
दोन डगरींवर पाय ठेवू नये म्हणतात.
त्यानं ठेवले, आणि बराच वेळ
तसाच खात राहिला.

पिवळी मात्र चावते.
रक्त आलं. येल्कानं हात झटकला नाही.
"तिचं अजून मन नाही," एवढंच म्हणाली
आणि नळाखाली बोट धरून
पाठमोरी उभी राहिली, गरजेपेक्षा फार वेळ.

त्या रात्री पिंजऱ्यात धडपड.
जमिनीखालचा काळोख असा, की
डोळे उघडे आहेत की मिटलेले, कळत नाही.
दोघे गजांवर आपटत होते.
मी विजेरी घेऊन पोचलो तर
ती आधीच तिथे, अनवाणी,
पिंजऱ्याशी तोंड नेऊन पुटपुटत:
वाऱ्याचा वेग. हरवलेलं कुत्रं.

"छोटा दिवा ठेवू या रात्रभर. त्यांच्यासाठी."
मग जरा थांबून,
"माझ्या खोलीतून दिसेल असा."

रविवारी वरच्या टाकीपाशी
माळावरच्या बजींचा थवा आला, शेकड्यांनी,
एकदम वळला, हिरवा झाला, विरून गेला.
ती बघत राहिली. मी काही बोललो नाही.
खाली येऊन तिनं पिंजऱ्याचं दार उघडं टाकलं.

हिरवा माझ्या चष्म्यावर बसतो हल्ली,
काडी कुरतडतो.
पिवळी आतच. दार उघडंच आहे.
येल्का पेपर वाचते, मी ऐकतो.
आज वेन्झडे.