सहानंतर आठ

डिचोलीहून सहा पन्नासची कदंब पकडली.
शर्टाच्या खिशात प्रमोदिनीबाईंचा नकाशा,
स्टेन्सिलचा, जांभळ्या शाईचा.
घडीवर घडी पडून
त्यातली मांडवी आता चार तुकड्यांत वाहते.

सहावी 'ब'ची पणजीची सहल रद्द झाली त्या वर्षी.
हेडमास्तरांची सही राहिली की बसचं डिझेल,
कुणालाच धड आठवत नाही.
बाईंनी प्रत्येकाच्या हातात एकेक कागद दिला.
म्हणाल्या, मोठे झालात की जा. आपापले.
वाटाड्या घेऊ नका, तो फार बोलतो.

मोठं व्हायला मला बराच वेळ लागला.
मध्ये खाण होती, खाणीचा वजनकाटा होता,
भरलेला ट्रक वजा रिकामा ट्रक,
वीस वर्षं तीच वजाबाकी.
मग एक दिवस ट्रकच यायचे थांबले.

एक : पूल.
"मधोमध उभे राहा. खालून काय जातं ते लिहून ठेवा."
लिहिलं : एक होडी, एक चप्पल.

दोन : वीरगळ.
"होडीत लढताना मेलेला माणूस शोधा.
नाव कोरलेलं नाही. तुमच्याकडचं एखादं द्या."
दालन दुरुस्तीला बंद. जाळीतून दिसला,
ढालीएवढा, नाक झिजलेला.
मी त्याला येसो म्हटलं.
माझ्या काट्यावरून शेवटचा ट्रक येसोचा गेला होता,
रिकामा, तरी त्यानं पावती मागितली.

तीन : निळ्या फरशांची भिंत.
"एक फरशी उलटी बसवली आहे."
मान दुखेपर्यंत बघितलं. पहारेकरी जवळ आला,
काय हरवलं, म्हणाला.
सांगितल्यावर तोही शोधायला लागला.
नऊ वर्षं इथं आहे, पुटपुटला, नऊ वर्षं.
मी निघालो तेव्हा तो स्टुलावर चढत होता.

चार : जुन्या गव्हर्नरांच्या तसबिरी.
"फार बघू नका.
ते तुमच्याकडे बघतात तेवढं पुरे."

पाच : "भूक लागली असेल."
एवढंच. पत्ता नाही.
पातळ भाजी, दोन पाव, एक मिरची.
गल्ल्यावरचा पोरगा नकाशा बघून म्हणाला,
हे काय, ट्रेझर हंट?

सहा : म्युनिसिपल गार्डन.
"बाकावर बसा. इथे काहीही बघायचं नाही."
बसलो.
काहीही न बघणं अवघड असतं.
समोर एक म्हातारी चष्म्याशिवाय पेपर वाचत होती,
म्हणजे नुसता धरून बसली होती.

मग कागदावर सरळ आठ.
सात नाही.
पालथा करून पाहिला, उन्हाला धरून पाहिला.
चित्रकलेच्या बाई, गणित कच्चं असेल.
हजेरी घेतानाही त्या एक पोर गाळायच्या,
आणि आम्ही ओरडायचो, बाई, दत्ताराम!
दत्ताराम पुढे दुबईला गेला, तिथेच राहिला.
किंवा सात काढून ठेवला असेल मुद्दाम.
विचारायला त्या नाहीत,
गेल्या पावसाळ्याआधी गेल्या, मला पेपरात कळलं.

बागेतल्या झाडांना पत्र्याचे बिल्ले ठोकलेत, मोजणीचे.
माझ्या बाकामागच्या झाडावर ७४.
इकडे तिकडे बघून
मी चारावर अंगठा ठेवला.

किती वेळ ते माहीत नाही.
पाइप ओढत माळी आला, म्हणाला,
पाय वर घे रे, भिजतले.
मी पाय वर घेतले. अंगठा नाही काढला.
त्यानं झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि पाणी जरा लांबून वळवलं.

आठवर फक्त "नदी" लिहिलं होतं.
कांपालपर्यंत चालत गेलो.
होती.