साडेचार हजारांचा बोर्ड

मारेगावात, बैलबाजारामागं, टिनाखाली
खोक्यातून काढला तर हलका लागला हाताला.
हलकं म्हणजे वाईटच, असं नाही,
पण तांबं कमी घातलंय, हे बोटांना कळतं.

रॅमला खाचा दोनच.
वीज सांभाळणाऱ्या कोपऱ्यावर उष्णता सोडायची पट्टी नाही.
आमच्याकडं मे महिना असतो,
हे तैवानात कोणी सांगितलं नसावं.

ग्राफिक्स कार्ड वेगळं नाही. प्रोसेसरच चित्रं काढतो,
अन् त्यासाठी आठातला अर्धा जीबी उसना नेतो,
शेजारणीनं वाटीभर साखर न्यावी तसा.
चालू असेस्तोवर परत करत नाही.

उईकेबाईंच्या सेवा केंद्रासाठी घ्यायचा,
म्हणून गावनकाशा लावून पाहिला:
गटांच्या रेषा, नाला, पांदण, मसणवट.
मोठा करत गेलो.
पांदण वळणावर अडखळली, थांबली, मग आली.
बैलगाडीही तिथं तशीच थांबते.

दोनदा लाईट गेली, दोनदा उठला.
तिसऱ्यांदा तारीख विसरला,
कुठल्यातरी जुन्या जानेवारीत जागा झाला.
सेल बदलला. वीस रुपये.

तासाभरानं बोट लावलं.
तव्याइतका नाही,
दुपारच्या लोखंडी खाटेइतका.

बाईंचा पंकेश केव्हाचा उभा.
"काका, गाड्यांचा गेम चालन का याच्यावर?"
खाली एक लांब खाच रिकामी आहे, कार्डाची.
त्याला दाखवली. त्यानं वितीनं मोजली,
पुन्हा एकदा मोजली.
अन् मी बिलामागं लिहिलं:
नकाशे दिसतील.
गेमचं मागाहून पाहू.